ओढणी कोणासाठी?

करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या ११व्या अध्यायात पौलाने प्रार्थनेच्या वेळी स्त्रियांनी मस्तक झाकावे, असे बजावले आहे. कॅथलिक चर्चच्या १९१७च्या धर्मसंहितेत तोच नियम होता. १९८३च्या संहितेत तो उरला नाही. तरीही काही कॅथलिक स्त्रिया आजही मिस्सेला मस्तक झाकूनच जातात. नियम गेला, त्यांची श्रद्धा उरली.

आपल्यासाठी कुरआनची आज्ञा कायम आहे. म्हणूनच स्वतःस विचारा : आपली लेक ओढणी अल्लाहसाठी घेते, की आपल्या धाकाने? धाक घराच्या उंबरठ्यापर्यंतच पुरतो; ईमान पुढेही सोबत करते. आणि पित्यांनो, सूरह नूरमध्ये स्त्रियांना उद्देशून आलेल्या ३१व्या आयतीपूर्वी ३०वी आयत पुरुषांना नजर झुकविण्यास सांगते. लेकीला शिकविण्याआधी आपण ती पाळतो काय?