विझलेल्या चुलीवर हक्क कोणाचा?

तुटकी छत्री भंगारवाल्याला द्यायची तर घरात कोणी मसलत करीत नाही. पण वापरात नसलेली चूल बुजवायची म्हटली की चार तोंडे चार दिशांना होतात. असे का व्हावे?

एक कारण भाषेतच आहे. आपल्याकडे चूल म्हणजे संसार. भाऊ वेगळे झाले की ‘वेगळी चूल मांडली’ म्हणतात. जनगणनावालेही कुटुंब मोजतात ते एका स्वयंपाकघरात जेवणारी माणसे पाहून. मय्यतीच्या घरी चूल पेटत नाही, शेजारपाजारचे लोक जेवण पोचवतात. हजरत जाफर (रजि.) शहीद झाले तेव्हा त्यांच्या घरच्यांसाठी जेवण तयार करायला प्रेषितांनी (स.) सांगितले होते, त्या शिकवणीला धरूनच ही रीत आहे. त्यामुळे थंड चूल दिसली की मनात उगाच अशुभ येते. पण हजरत आयेशा (रजि.) यांनीच सांगून ठेवले आहे की, दोन-दोन महिने आमच्या घरांत विस्तव पेटत नसे, खजूर आणि पाण्यावर दिवस निघत. त्या घरांना ओसाड म्हणायची कोणाची हिंमत आहे? तेव्हा अपशकुनाचा मुद्दा इथेच सोडून देऊ.

खरा मुद्दा वेगळा आहे. कल्याणला दूधनाक्याकडे आमच्या ओळखीचे एक जुने कौलारू घर आहे. बावर्चीखान्यात गॅस येऊन कितीतरी वर्षे झाली. चुलीच्या ओट्यावर कांदे-बटाट्यांच्या टोपल्या असतात. वरचे धुरांडे मात्र उघडेच. पावसाळ्यात त्यातून पाणी येते, बाकीचे आठ महिने उंदीर. सुनांनी धरणे धरले की चूल बुजवा आणि ते भोक बंद करा. मुलगे म्हणाले, छे, ती अब्बांच्या काळची निशाणी आहे.

निशाणी म्हणणाऱ्यांपैकी एकानेही जन्मात फुंकणी हातात धरलेली नव्हती. (उर्दूत चूल्हा पुल्लिंगी, मराठीत चूल स्त्रीलिंगी. वर्गात मुले यावर हटकून चुकतात. फुंकणारी मात्र दोन्ही भाषांत बाईच.) ज्याने तिथली भाकरी फक्त खाल्ली, त्याला चुलीचा खरपूस वास आठवतो. जिने भाजली, तिला डोळ्यांतले पाणी आठवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या धुराने २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली, तरी आपल्याच ठाणे जिल्ह्यात मुरबाड-शहापूरच्या पाड्यांवर सिलिंडर भरायला पैसे नसले की बाई पुन्हा डोक्यावर मोळी घेते. चूल ‘वापरात नाही’ असे म्हणता येणे हीच मोठी चैन आहे.

एवढ्यावर निकाल सुनांच्या बाजूने लागायला हवा होता. पण त्या घरात दादी आहेत. सर्वांत जास्त धूर त्यांनी खाल्ला, डोळेही त्यातच अधू झाले, आणि तरी त्या ‘नको’ म्हणाल्या. का, ते त्यांनी सांगितले नाही. मला वाटते ते असे: तांदूळ किती टाकायचे, कोणाला आधी वाढायचे, शेजारी वाटी कोणाकडे जायची, हे सारे त्या पाटावर बसून त्या ठरवत. चूल बुजली की त्या खाटेवर बसलेली एक म्हातारी, एवढ्याच उरतात. कष्ट आणि मान दोन्ही त्यांना एकाच जागी मिळाले. एक फेकून दुसरे ठेवता येत नाही.

दादींचा नकार आणि मुलांचा नकार शब्दाने एक असला तरी वजनाने एक नाही. मुलांचा नकार मी बाजूला ठेवीन. त्यांनी त्या जागेची किंमत कधी मोजलेली नाही. दादींपुढे मात्र थांबावे लागते, त्यांना समजावावे लागते, त्यासाठी महिना गेला तरी जाऊ द्यावा. तरीही शेवटचा शब्द सुनांचाच, कारण उंदीर आणि ओल यांच्याशी रोजची गाठ त्यांची आहे. कालच्या कष्टाला मान द्यावा, पण त्यासाठी आजच्या कष्टावर ओझे टाकणे मला न्यायाचे वाटत नाही. तांदूळ किती, हे गॅसच्या शेगडीपाशीही दादींना विचारता येते. त्याला चूल लागत नाही, सुनेची इच्छा लागते.

बुजवायची कशी, हेही पाहायला हवे. वरून भोक पक्के बंद केले आणि खालून गिलावा मारला, तर आत कोंडलेली ओल भिंत फुगवते. म्हणून हवेपुरती बारीक जाळी ठेवावी. चूल फोडू नये. मातीत विटा रचून तोंड बंद करावे, म्हणजे पुढे कोणाला उघडावीशी वाटली तर उघडता येईल. आणि आतली वर्षानुवर्षांची काजळी खरवडायचे काम निशाणी म्हणणाऱ्या मुलांनी करावे, गवंडी यायच्या आदल्या दिवशी, स्वतःच्या हातांनी.