निर्मळ वीज आणि निर्मळ व्यवहार

कोळशाच्या धुरापेक्षां पाण्याची वीज निर्मळ, हें कोण नाकारील? अशी वीज मुंबईच्या गिरण्यांस मिळावी म्हणून टाटा कंपनीनें मुळशीस धरण योजिलें. त्याविरुद्ध १९२१ सालीं मावळ्यांनीं सत्याग्रह केला. सेनापति बापट त्यांचे पुढारी झाले. तरीही धरण झालें, गांवें बुडालीं. बहुतांचें हित साधलें असेल. परंतु न विचारतां घेतलेला त्याग हा त्याग नव्हे, ती हिरावणूक होय. लोकांना बाधणाऱ्या निर्णयांसंबंधींची माहिती सरकारनें आपण होऊन प्रसिद्ध करावी, असें २००५ चा माहिती-अधिकाराचा कायदा सांगतो. मग आज सूर्याच्या विजेसाठीं जमीन घेतांनाही सारे कागद आधीं गांवापुढें मांडले पाहिजेत. वीज निर्धूर आहे, एवढ्यानें व्यवहार निर्मळ ठरत नाहीं.