दोन जावांचा किराणा

सायखेड्यात गोदावरीच्या काठाला एक म्हातारी राहत होती. तिला दोन मुलगे, दोन सुना आणि तीन नातवंडं. खाणारी तोंडं आठ. शेत कांद्याचं.

शेतकऱ्याच्या घरात पैसा येतो तो पीक निघालं की. खर्च मात्र महिन्याच्या महिन्याला दारात उभा असतो. म्हातारीला हे पक्कं ठाऊक होतं. कांदा विकून हिशेबाची पट्टी हाती आली की ती किराण्याचे पैसे वेगळे काढी, त्यांचे महिन्यागणिक वाटे करी आणि दर महिन्याला एकच वाटा कपाटाबाहेर काढी.

त्या वर्षी वाटे लहान झाले. साल होतं २०२३. लाल कांदा नुकता निघायला लागला होता आणि ८ डिसेंबरपासून केंद्र सरकारनं कांद्याची निर्यात बंद केली. भाव कोसळले. थोरला मुलगा गावच्या उपबाजारात ट्रॉली घेऊन गेला, लिलाव झाला आणि तो घरी आला. पट्टी त्यानं खिशातच ठेवली. विचारल्यावर दाखवली.

म्हातारीनं रात्री हिशेब केला. सकाळी सुनांना बोलावलं.

"गहू-बाजरी घरची आहे. बाकी सगळं, म्हणजे तेल, डाळ, साखर, भाजीपाला, महिन्याला पाच हजारांत बसवायचं. वर रुपया मिळायचा नाही. हा मार्गशीर्ष थोरलीनं सांभाळायचा, पौष धाकटीनं."

इथं एक सांगून ठेवतो. थोरली उधळी नव्हती. भाव करण्यात तर तिचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं.

तिनं मागच्या महिन्याची यादी काढली आणि प्रत्येक जिन्नसावर काट मारली. तेल पाच किलो येत होतं, ते तीनवर आणलं. तूरडाळ दीडशेच्या पुढं गेली होती, ती चार किलोंची दोन किलो केली. साखर कमी, शेंगदाणे कमी. तीन दुकानं फिरली, घासाघीस केली आणि पिशव्या घेऊन घरी आली. हातात पैसे उरले होते. ती खूश झाली.

वरण पातळ झालं. भाजीतलं तेल दिसेनासं झालं. चार दिवस कोणी काही बोललं नाही.

मग दोघे भाऊ बाजारातून परतताना मिसळ खाऊन येऊ लागले. घरी आल्यावर म्हणायचे, "भूक नाही आज." पोरं शाळेतून आली की आजोळहून मिळालेले दहा-वीस रुपये घेऊन पुड्या आणायला पळायची. हे पैसे किराण्याच्या वहीत कुठंच दिसत नव्हते. जात होते मात्र त्याच घरातून.

अठराव्या दिवशी डाळ संपली. थोरलीनं पाव किलो आणली. दोन दिवसांनी अर्धा किलो तेल, मग पाव किलो साखर. सुटं घेतलं की महाग पडतं, हे तिला कळत होतं. पण हातातले पैसे तोवर संपले होते आणि दुकानदार वहीत मांडून देत होता. महिना सरला तेव्हा त्या वहीत अकराशे रुपये उधारी झाली होती.

"प्रत्येक वस्तू कमी आणली," थोरली म्हणाली, "तरी पैसे गेले कुठं?"

म्हातारी काही बोलली नाही. तिनं पौषाचे पाच हजार धाकटीच्या हातात ठेवले.

धाकटी दुकानात गेलीच नाही. तिनं माळ्यावरचे, कपाटातले, कोठीतले सगळे डबे ओट्यावर उतरवले आणि एकेक उघडून बघितला. मागच्या डब्यात किडा लागायला आलेली मटकी होती. एका गाडग्यात हुलगे होते. उन्हाळ्यात घातलेल्या बाजरीच्या खारोड्या तशाच पडल्या होत्या. बरणीच्या तळाशी आमटीला घालायचं येसर होतं. हरभऱ्याची डाळ तर चांगली तीन किलो निघाली. घरचा हरभरा भरडून ठेवला होता आणि सगळे विसरून गेले होते.

थोरली बघत होती. गेल्याच महिन्यात तिनं एक किलो मटकी विकत आणली होती.

धाकटीनं कडधान्यं गच्चीवर उन्हात घातली, चाळली, निवडली. हुलगे गिरणीतून दळून आणले. मग तिनं यादी केली. यादीत तेल पुरेसं होतं, मीठ-साखर होती. तूरडाळ नव्हती.

रोज रात्री झोपायच्या आधी ती डबे बघायची आणि उद्या काय शिजवायचं ते तेव्हाच ठरवायची. मटकी भिजत घालून फडक्यात बांधायची. दोन दिवसांत मोड यायचे आणि वाटीभर मटकीची पातेलंभर उसळ व्हायची. एका थंड रात्री हुलग्याचे शेंगोळे केले. निफाड तालुक्यातली थंडी काय असते ते बाहेरच्यांना सांगून कळायचं नाही. गरम शेंगोळ्यांवर पोरं तुटून पडली.

उशिरा पेरलेला हरभरा शेतात हातभर व्हायचा होता. धाकटी त्याचे शेंडे भाजीसाठी खुडून आणायची. शेंडे खुडले की झाडाला फुटवेही जास्त येतात, म्हणून नवराही हसून चार मुठी खुडून द्यायचा. बाजारात कोणी न घेतलेली बारीक कांद्याची गोल्टी कांदाचाळीत पडून होती, तिचा झुणका झाला. रात्रीची भाकरी उरली तर सकाळी कुस्करून, कांदा घालून फोडणीला पडायची.

आणि फोडणीत तेल कमी नसायचं. थोरलीनं एकदा टोकलं. धाकटी म्हणाली, "जाऊबाई, चव गेली की जेवणारा बाहेर जातो. मग तेल वाचवून काय करायचं?"

दोघा भावांना ती भाकरी-झुणक्याचा डबा बांधून द्यायची. लिलावाची वाट बघत ट्रॉलीवरच बसून ते जेवायचे. मिसळीची आठवण त्यांना राहिली नाही. पोरांसाठी शेंगदाण्या-गुळाचे लाडू डब्यात असायचे.

महिना अर्धा झाला आणि पुलापलीकडून, चांदोरीहून थोरलीचा भाऊ आला. सोबत बायको आणि आणखी दोघं. थोरलीच्या पोटात गोळा आला. आता धाकटी पिठल्यावर बोळवण करणार आणि माहेरी नाक कापलं जाणार, असं तिला वाटलं.

धाकटीनं हरभऱ्याची डाळ शिजत घातली. डाळ शिजली तसं वरचं पाणी काढून ठेवलं. डाळीत गूळ घालून पुरण शिजवलं, वाटलं. काढलेल्या पाण्यात येसर घातलं, झणझणीत कटाची आमटी केली. खारोड्या तळल्या. एका डाळीत गोडही झालं आणि तिखटही. दुकानातून फक्त गूळ आला.

पाहुणे पोटभर जेवले. निघताना भाऊ थोरलीला म्हणाला, "ताई, कांद्याला भाव नाही म्हणून आम्ही बिचकत आलो होतो. तुमच्या घरात तर काहीच कमी नाही."

थोरलीनं मान हलवली. त्या दिवसापासून तीही रात्री डबे बघायला उभी राहू लागली.

पौष सरला. धाकटीनं सहाशे रुपये सासूपुढं ठेवले.

थोरलीच्या डोळ्यांत पाणी आलं. "आत्याबाई, मी पोरांच्या तोंडचा घास कमी केला आणि उधारी केली. हिनं पुरणपोळी घातली आणि पैसे उरवले. माझं चुकलं कुठं?"

"तू यादी घेऊन दुकानात गेलीस," म्हातारी म्हणाली. "ही डब्यापाशी गेली. आधी घरात काय आहे ते बघावं, मग काय नाही ते आणावं. कमी खाण्यानं घर चालत नाही गं."

मग ती धाकटीकडं वळली. "आणि तू शहाणी असलीस तरी सगळं दुकानदारानं सांगितलेल्या भावानंच आणलंस. थोरली असती तर सहाशेचे आठशे उरले असते."

धाकटी हसली. खरंच होतं ते.

माघाचे पैसे म्हातारीनं दोघींच्या मधे ठेवले. धाकटीनं डबे उघडून काय नाही ते सांगितलं, थोरलीनं ते लिहून घेतलं आणि दुकान गाठलं. सहाशे रुपये आधी उधारीत भरले. उरलेले पाचशे माघाच्या बचतीतून फिटले. त्यानंतर फाल्गुनात तूरडाळ आली. पाव किलो नव्हे, थोरलीनं चांगली घासाघीस करून आणलेली, पाच किलो.