आधी कान, मग पावा

सज्जनहो, पारशिवनीकडे भजनाला गेलो की तरुण टाळकरी आम्हांस हटकून विचारतात, "महाराज, बासरी आणली, बोटेही बसली, मग सूर का लागत नाही?" बाबांनो, बोटे बसली, कान कुठे बसला आहे?

भोके सूर देतात हा भ्रम होय. भोक सुराचे घर तेवढे दाखविते. फुंक जोराची झाली की सूर चढतो, मंदावली की उतरतो. कार्तिकात पहाटे काकड्याला गार पावा खाली बोलतो, श्वासाने तापला की वर सरकतो. भोके मात्र होती तिथेच!

भरतमुनींनी नाट्यशास्त्राच्या तिसाव्या अध्यायात सांगितले आहे की, बोट पूर्ण उचलले तर चार श्रुतींचा स्वर, कापरे ठेवले तर तीन श्रुतींचा, अर्धे उचलले तर दोन श्रुतींचा. आता श्रुती काय डोळ्यांना दिसते? ती कानानेच ओळखावी लागते. गाणारा ज्या स्वरावर जाईल त्याच्या मागे वंशाने जावे, हेही मुनींनीच सांगून ठेवले आहे.

वेळू चांगला हवा, हे खरेच. आपल्या पेंचच्या रानातला बांबू जाड, भरीव. बासरीला पातळ अंगाचा, लांब पेराचा लागतो, तो आसामाकडून येतो. पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांनी बासरी लांब केली, सातवे भोक पाडले. पण कान नसेल तर सात भोकांचा पावाही काठीच, बरे का!

मग करावे काय? वीणेकऱ्याजवळ बसावे. षड्ज नुसता ऐकावा, मग तोंडाने गुणगुणावा. त्यानंतर वरची तीन भोके झाकून हलकेच फुंकावे. दोन सूर जवळ आले पण एक झाले नाहीत, तर मध्ये लाटा उठतात. जवळ जावे तशा त्या संथ होतात. सूर मिळाला की विरतात. ती शांतता ओळखणे हीच विद्या. पेटीवर मात्र सर्वस्वी विसंबू नये. तिचा गांधार स्वाभाविक गांधारापेक्षा किंचित चढा असतो.

नवविधा भक्तीत श्रवण पहिले, कीर्तन दुसरे. हा क्रम उगाच नाही हो! आज कित्येक मंडळांत कर्णे लागतात, जो तो आपला आवाज चढवितो आणि वीणा गळ्यात असून कोणाच्या कानी जात नाही. जो शेजाऱ्याचा सूर ऐकत नाही, तो देवाचे काय ऐकणार?

म्हणून आमची एवढीच विनवणी आहे. उद्यापासून भजनास उभे राहण्यापूर्वी चार क्षण सर्वांनी गप्प बसून वीणा ऐकावी. मग टाळ उचलावा, मग पावा ओठी लावावा. रामकृष्णहरि!