शेवंती आणि दक्षिणायन

कुंपणालगतच्या ताटव्यात शेवंती लावणाऱ्याला मोठा धीर धरावा लागतो; कारण गतवर्षीच्या खोडापासून फुटलेल्या काश्या वेगळ्या करून लावल्यावर, पावसाळ्यात तिचे शेंडे खुडल्यावर, आणि मोगरा उन्हाळ्यात व तेरडा श्रावणात आपापली हजेरी लावून गेल्यावरही, ही वनस्पती हिरवीच्या हिरवी उभी राहते व दिवस आखडू लागल्याखेरीज कळीचे नाव काढीत नाही. दिनमानाचा आणि फुलोऱ्याचा हा संबंध गार्नर व अ‍ॅलार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी 1920 साली तंबाखू आदी वनस्पतींवरील प्रयोगांतून प्रस्थापित केला, आणि पुढे असे निष्पन्न झाले की, अशा झाडांच्या बाबतीत खरा हुकूम चालतो तो रात्रीच्या लांबीचा. म्हणूनच शेवंतीची फुले लांबणीवर टाकू इच्छिणारे बागाईतदार मध्यरात्री काही वेळ दिवे लावून तिचा अंधार मोडतात.

दिवस आखडत जाण्याचा हा काळ म्हणजे दक्षिणायन; आणि उत्तरायण शुभ व दक्षिणायन गौण, ही तर आपल्याकडील जुनी वहिवाट. गीतेच्या आठव्या अध्यायात धूम, रात्र, कृष्णपक्ष आणि दक्षिणायन यांचा मार्ग पुनरावृत्तीचा सांगितला आहे, आणि शरपंजरी पडलेल्या भीष्मांनी तर उत्तरायणासाठी प्राण रोखून धरले. तथापि ब्रह्मसूत्रांच्या चौथ्या अध्यायात, दक्षिणायनात देह ठेवणाऱ्या ज्ञान्यालाही विद्येचे फळ मिळतेच, असा निर्णय आहे. त्यावरील भाष्यात शंकराचार्य म्हणतात की, भीष्मांनी वाट पाहिली ती आचार राखण्यासाठी आणि पित्याकडून लाभलेल्या इच्छामरणाची प्रचीती देण्यासाठी.

हा निवाडा मला मान्य आहे, पण अपुरा वाटतो. (एका फुलझाडाच्या आधारे मोक्षशास्त्राची फेरतपासणी करणे काहींना हास्यास्पद वाटेल, वाटो.) आचार्यांनी दक्षिणायनाला केवळ दोषमुक्त केले, म्हणजे ते ज्ञानाच्या आड येत नाही एवढेच मान्य केले, शेवंतीचा जबाब मात्र याहून पुढचा आहे, कारण तिच्या लेखी वाढती रात्र ही सोसून पार करण्याची मुदत नसून तिच्या फुलण्याची पहिली अटच आहे. मग प्रकाश तेवढा साधक आणि तम तेवढा बाधक, ही वाटणी सृष्टीने केलेली नसून आपण तिच्या दप्तरात परस्पर घुसडलेली नोंद आहे, असेच म्हणावे लागते.

ज्यांच्या ताटव्याशेजारी अंगणातला विजेचा दिवा रात्रभर जळतो, त्यांनी निदान भाद्रपदापासून तो मालवावा. शेवंतीला कळ्या का धरत नाहीत, ही त्यांची तक्रार बहुधा तेवढ्याने मिटेल.