पुरी दोन वर्षे



पवित्र शास्त्रातील कथा सांगणारे काळावरून मोठमोठ्या उड्या घेतात. इश्माएल जन्मला तेव्हा अब्राम 86 वर्षांचा होता, असे उत्पत्तीचा सोळावा अध्याय शेवटी सांगतो. पुढच्याच वचनात तो 99 वर्षांचा आहे. मधली तेरा वर्षे कोठे गेली? लेखक एक अक्षर सांगत नाही. लूकही प्रभूच्या बाराव्या वर्षावरून तिसाव्याच्या सुमाराला येतो. कथा पुढे न्यायची तर हे करावेच लागते. पण एका उडीपाशी आम्हांला थांबावेसे वाटते.

योसेफ बंदिशाळेत आहे. प्यालेबरदाराच्या स्वप्नाचा अर्थ सांगून तो विनवतो की, तुझे बरे झाले म्हणजे फारोजवळ माझी गोष्ट काढ. तिसऱ्या दिवशी प्यालेबरदार सुटतो आणि योसेफाला विसरतो. तेथे चाळिसावा अध्याय संपतो. पान उलटावे तो फारोला स्वप्न पडत आहे, आणि मध्ये दोन वर्षे सरली आहेत! मूळ इब्रीत येथे ‘दोन वर्षे’ यास ‘दिवस’ हा शब्द जोडला आहे. पुरी दोन वर्षे, असे सांगण्याची ती रीत होय. तरी आम्हांला तो शब्द फार बोलका वाटतो. कथेने वर्षे मोजली, योसेफाला दिवस मोजावे लागले. पहिल्या आठवड्यात दार वाजले की त्याने मान वर केली असेल. वर्षभरानंतरही केली असेल काय?

रविवारच्या शाळेत एका रविवारी बंदिशाळा होते, पुढच्या रविवारी राजवाडा. मुलांना वाटते, आठ दिवसांत सुटका झाली! शिक्षकांनी फळ्यावर वजाबाकी करून घ्यावी: कथेच्या आरंभी योसेफ 17 वर्षांचा, फारोपुढे उभा राहिला तेव्हा 30 वर्षांचा. मग विचारावे, दोन वर्षांमागे तुम्ही कोणत्या इयत्तेत होता?

मोठ्यांचेही तसेच आहे. मंडळीत कोणी अंथरुणाला खिळले की पहिला महिना घर माणसांनी भरलेले असते. पुढे प्रार्थनेच्या यादीतूनही ते नाव गळते. कधी काळी भेटीस गेलो तर आपण राजवाड्याची गोष्ट सांगतो. ती खरीच आहे. पण ऐकणारा अजून चाळीस आणि एकेचाळीस या अध्यायांच्या मध्ये आहे. त्याला एकोणचाळिसावा अध्याय वाचून दाखवावा. परमेश्वर योसेफाबरोबर होता, हे लेखकाने तेथे, बंदिशाळेच्या दारातच लिहून ठेवले आहे. सुटकेची वाट पाहिलेली नाही.

पौलाचीही कैसरियातील कैदेची दोन वर्षे लूक एका वचनात उरकतो: फेलिक्स गेला, फेस्त आला, पौल बंधनातच राहिला. मात्र त्याच्या आप्तांपैकी कोणालाही त्याची सेवा करण्यास मनाई करू नये, असा हुकूम होता. फिलिप्प सुवार्तिकाचे घर त्याच नगरात होते, आणि पौल पूर्वी तेथे उतरलाही होता. कोण आले, किती वेळा आले, काय घेऊन आले, हे लूकाने लिहिलेले नाही.