पाहणारा कोण?

मस्कतच्या कुरुम भागातील शाही ऑपेरागृहाचे उद्घाटन ऑक्टोबर २०११ मध्ये पुच्चिनीच्या ‘तुरांदोत’ या संगीतिकेने झाले. तेथे पुढच्या आसनाच्या पाठीवरील लहान पडद्यावर गायनाचा अनुवाद उमटतो, त्यामुळे प्रेक्षक कथेत कितीही बुडाला तरी नजर जराशी खाली वळताच तो आपल्या खुर्चीत परत येतो. जो माणूस आयुष्यच चित्रपट समजून जगतो, त्याच्यापाशी नेमका हा लहान पडदा नसतो. विनोदी कथांना हा माणूस फार पूर्वीपासून प्रिय आहे तो यामुळेच.

नाटकाला जीवन समजण्याचा उलटा भ्रम त्याहून जुना. नाट्यशास्त्राच्या पहिल्या अध्यायात आपल्या पराभवाचा प्रयोग पाहून असुर खवळतात, नटांची वाचा आणि स्मृती गोठवतात, आणि अखेर ब्रह्मदेवाला समजावावे लागते की नाट्य हे तिन्ही लोकांतील भावांचे अनुकीर्तन, म्हणजे अभिनयाने केलेले पुनर्कथन आहे. सर्वांतेसच्या कादंबरीच्या १६१५ मधील दुसऱ्या भागात दॉन किहोते पळत्या प्रेमिकांना वाचवण्यासाठी कळसूत्री बाहुल्यांवर तलवार चालवतो, तेव्हा तो असुरांचाच वारसदार ठरतो.

जीवनाला नाट्य समजणे ही मात्र काही भारतीय दर्शनांच्या दृष्टीने चूक नाही. सांख्यमतात प्रकृती, म्हणजे जगाचे मूळ द्रव्य, नर्तकीप्रमाणे स्वतःला दाखवून थांबते आणि पुरुष, म्हणजे शुद्ध चैतन्य, केवळ पाहतो. काश्मीरमधील वसुगुप्ताशी जोडलेली शिवसूत्रे याहून धीट आहेत: त्यांच्या मते आत्मा हाच नर्तक, अंतरात्मा ही रंगभूमी आणि इंद्रिये हे प्रेक्षक. चित्रपटी माणसाचा दोष येथे उघड होतो. तो स्वतःला नायक मानतो हे क्षम्य आहे. पण पाहणाऱ्याला तो बाहेर, टाळ्या वाजवणाऱ्या गर्दीत बसवतो आणि त्या गर्दीसाठी जगतो.

बस्टर कीटनच्या १९२४ च्या ‘शेरलॉक ज्युनियर’मध्ये पाहणारा कोण हा प्रश्न सर्वांत नेमका मांडला गेला आहे. चित्रपटगृहात यंत्र चालवणारा तरुण झोपेत पडद्यात शिरतो, आणि दृश्ये बदलत जातात तसा कधी खडकावर, कधी बर्फात कोसळतो, कारण चित्रपट कापून जोडता येतो, देह नाही. जागा झाल्यावर प्रेयसीपुढे कसे वागावे हे तो चालू चित्रपटातील नायकाकडे पाहून शिकतो, हात हाती घेतो, अंगठी घालतो. इतक्यात पडद्यावर दृश्य बदलून नायक मुलांसह बसलेला दिसतो, आणि मधले सारे गाळले गेल्याने तरुण डोके खाजवत राहतो.